लिम्फोमाच्या रिपोर्टमधले सीडी२०, सीडी३, बीसीएल२ म्हणजे काय? भरवशाचे मार्कर कसे निवडतात?

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी३ निगेटिव्ह’ असं दिसलं की आपण लगेच मोबाईलवर सर्च करतो. या तपासणीचं नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजेच आयएचसी. लिम्फोमाचा प्रकार आणि पुढचे उपचार ठरवताना तिचा मोठा आधार असतो.

हे काम कसं करतं?
गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून मेणात बसवतात आणि त्याचे अतिशय पातळ काप काढतात. त्यावर अँटिबॉडी टाकली की ती ठरावीक प्रथिनालाच चिकटते आणि तिथे रंग उमटतो, बहुतेक वेळा तपकिरी. अशा मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवण्याची पद्धत कोहलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये मांडली.

नेहमीचे मार्कर
- सीडी२०, पॅक्स५: बी पेशी
- सीडी३: टी पेशी
- सीडी३०, सीडी१५: हॉजकिन लिम्फोमाचा संशय असल्यास
- सायक्लिन डी१, सॉक्स११: मँटल सेल लिम्फोमा
- केआय-६७: पेशी किती वेगाने वाढतात

निवडताना काय बघतात?

१. एकावर विसंबत नाहीत. सीडी५ हा टी पेशींचा मार्कर, पण मँटल सेल लिम्फोमा या बी पेशींच्या आजारातही तो दिसतो. म्हणून मार्करचा संच, म्हणजे पॅनेल लावतात.

२. रंग योग्य जागी हवा. सायक्लिन डी१ चा रंग पेशीच्या केंद्रकात हवा, सीडी२० चा पेशीच्या कडेला.

३. कंट्रोल हवाच. टॉन्सिलच्या निरोगी कापावर रंग नीट आला नाही, तर रुग्णाच्या कापावरच्या ‘निगेटिव्ह’ला अर्थ नाही.

४. क्लोन तपासतात. बीसीएल२ साठी ‘१२४’ हा क्लोन सर्रास वापरतात. पण काही फॉलिक्युलर लिम्फोमात जनुकीय बदलामुळे तो चिकटतच नाही आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. अशा वेळी ‘ई१७’सारखा दुसरा क्लोन लावतात.

५. आधीचे उपचार विचारतात. रिटुक्सिमॅब हे औषध सीडी२० वरच मारा करतं. ते घेतल्यावर आजार उलटला, तर पेशींवर सीडी२० दिसेलच असं नाही. तेव्हा पॅक्स५ किंवा सीडी७९ए कामी येतो.

लक्षात ठेवा
‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर असं नाही. निरोगी बी पेशीही सीडी२० पॉझिटिव्हच असतात. सुटी ओळ वाचून घाबरू नका, शेवटचं निदान वाचा. आणि स्लाइड दुसरीकडे दाखवणार असाल, तर आधी घेतलेल्या औषधांची यादी सोबत द्या.