नेम आणि चाक

वाचक माउली, आधी माझी एक चूक पदरात घ्या. दहा-बारा वर्षांपूर्वी दादरला एका सप्ताहात माझी कीर्तनाची सेवा होती. पहाटे काकड्याला जाताना शिवाजी पार्काच्या कट्ट्याजवळ हेल्मेट घातलेले दहा-पंधरा सायकलस्वार दिसले. रात्री निरूपणात मी त्यांची थट्टा केली. ‘पैसे मोजून घाम गाळणारी ही मंडळी, यांना पंढरीची वाट काय ठाऊक?’ मंडप हसला.

कीर्तन संपल्यावर एक गृहस्थ पाया पडले. बँकेत अधिकारी होते. म्हणाले, “महाराज, पहाटे त्या घोळक्यात मीही होतो. माझे आजोबा गिरणीत खाडे करून वारीला जायचे. मला अठरा दिवस रजा मिळत नाही. मग मी काय करावे?”

मला उत्तर सुचले नाही. ते शोधताना इतिहास पुन्हा चाळावा लागला.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की वारी रिकाम्या माणसांची कधीच नव्हती. गोरोबांचे मडके, सेनामहाराजांची धोकटी, नरहरींची भट्टी, सगळे प्रपंचाला जुंपलेले. तुकोबांचे पुत्र नारायणबाबांनी १६८५ साली पालखीची प्रथा घातली, तेव्हा मागे चालणारे कुणबी पेरणी उरकूनच निघत. माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरी सरदार होते. म्हणून तर सोहळ्याला लष्करी शिस्त आहे. रथापुढे २७ दिंड्या, प्रत्येकीची जागा ठरलेली, मुक्काम ठरलेला, आणि समाजआरतीला चोपदाराचा दंड वर गेला की लाखाचा समुदाय शांत.

दुसरी गोष्ट आमच्या दादरचीच. सायकल इथे हौसेची कधी होती? १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचे काम सुरू केले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावची ही डबेवाले मंडळी बहुतेक माळकरी. दादर स्टेशनाबाहेर डब्यांनी लगडलेली सायकल हाकताना तोंडी नाम असणारी माणसे मी डोळ्यांनी पाहिली. परळ-लालबागचा गिरणीकामगारही पाळी सुटली की भजनाला बसे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांचे जग मोडले. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले. तिथे दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस पहाटे सायकल काढतो, तो बहुधा त्याच कामगाराचा नातू असतो. अंगमेहनत आजोबांच्या पोटामागे होती, नातवाला ती शोधत जावी लागते.

तिसरी गोष्ट परदेशातली. फ्रान्समध्ये १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची सायकल शर्यत झाली. पुढे तिची शर्यत राहिली नाही. आता चार वर्षांनी एकदा हौशी सायकलस्वार ते अंतर ९० तासांत पुरे करतात आणि कोणाला क्रमांक मिळत नाही. त्याच पद्धतीच्या २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या फेऱ्या आपल्याकडेही होतात. दोनशेला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. मला तर हे मुक्कामच वाटले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. दोघे डॉक्टर, दोघांना रुग्ण आणि संसार. त्याच नाशिकहून आषाढीच्या आधी सायकलींची वारी पंढरपूरला जाते.

मग सायकल आणि वारी एकच का? नाही, माउली. देह झिजवणे दोन्हीकडे आहे, पण झिजताना ‘मी’ झिजतो की फुगतो, हे पाहावे लागते. किती किलोमीटर, किती वेळात, हे सोबत्यांना दाखवण्यासाठी मोबाइलवर मांडले की फुगतो. दिंडीत शेजारच्या म्हातारीच्या पायातला काटा काढायला थांबलो तर मुक्कामाला उशीर होतो, वारी चुकत नाही. सायकलवाल्यानेही घड्याळ चालू असताना पडलेल्यासाठी थांबावे. त्याची परीक्षा तिथे आहे. आणि खरे सांगायचे तर टाळ्यांसाठी थट्टा करणाऱ्या कीर्तनकाराचीही तीच परीक्षा होती. मी तीत नापास झालो.

पुढच्या वर्षी त्याच मंडपात मी त्या गृहस्थांची सर्वांसमोर क्षमा मागितली आणि राहिलेले उत्तर दिले. सावतोबांना मळा सोडता आला नाही, तेव्हा देवच अरणला त्यांच्या भेटीला गेला, असे आपली परंपरा सांगते. रजा मिळाली नाही म्हणून वाट बंद होत नाही. पहाटे उठण्याचा नेम तुमच्याकडे आहेच, बाबा. त्याला फक्त नाम जोडा.

राम कृष्ण हरी.