आर्थर सीट (मढीमहाल)

सातारा जिल्ह्याच्या महाबळेश्वर तालुक्यातील, सह्याद्रीच्या ऐन धारेवरचे प्रेक्षणस्थळ. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,३४० मी. महाबळेश्वरच्या बाजारपेठेपासून वायव्येस १२-१३ किमी.वर, क्षेत्र महाबळेश्वर मागे टाकून जाणारा रस्ता जिथे संपतो तिथे हे आहे. जुने नाव मढीमहाल. टॅक्सीवाल्यांच्या तोंडी ‘आर्थरशीट’. बऱ्याच माहितीपत्रकांत याची उंची १,४७० मी. छापलेली आढळते. ती खरी मानता येत नाही, कारण महाबळेश्वरातले सर्वांत उंच ठिकाण विल्सन पॉइंट, आणि तेच १,४३९ मी. भरते.

आर्थर म्हणजे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतले आर्थर मॅलेट. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून हा डोंगर मिळवून माल्कमपेठ वसवली. त्यानंतर साहेब लोकांनी एकेका कड्याला आपापली नावे दिली. मढीमहालावर पहिले घर बांधले ते मॅलेटने, म्हणून कडा त्याचा झाला. एडिंबरो शहरातल्या त्याच नावाच्या टेकडीशी याचा संबंध नाही. मॅलेटची बायको आणि तान्ही मुलगी सावित्रीच्या पाण्यात होडी बुडून गेली आणि तो इथे बसून त्या नदीकडे पाहत राही, अशी कथा सांगतात. कथेतले बसणे खरे-खोटे कसेही असो, मायलेकींची कबर सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला दाखवली जाते.

स्थळाचे स्वरूप समजायला नकाशापेक्षा तिथे उत्तरेकडे तोंड करून उभे राहणे बरे. डोंगराची चिंचोळी सोंड पुढे घुसलेली आहे. डावीकडे सावित्रीची दरी आहे. तिच्यात कडे उभे तुटलेले, तळाशी ब्रह्मारण्य म्हणतात ते दाट रान आणि पलीकडे कोकण. उजवीकडे जोर या गावाचे खोरे आहे. ते त्या मानाने सौम्य आणि हिरवे असून कृष्णेचा वरचा प्रवाह त्यातून जातो. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला तोरणा-राजगडाची रांग ओळखू येते. कड्यांवर आडवे थर एकावर एक रचल्यासारखे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. दोन लोटांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा आहे आणि माथ्यावर जांभ्याची टोपी. वाटाडे याला अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनची उपमा देतात. दिसायला ती ठीक आहे, पण तिथले थर मुख्यतः गाळाच्या खडकांचे आणि इथला प्रत्येक थर कधीकाळी वितळलेला होता.

या स्थळाची खरी ओळख पाण्याने करून द्यायला हवी. खोलीच्या वर्णनात ती नेहमी हरवते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचा उगम मानला जातो. यज्ञात आपली जागा गायत्रीला दिली म्हणून सावित्री संतापली, देवांना नद्या होण्याचा शाप दिला आणि स्वतः पश्चिमेकडे उडी घेतली, असे पुराणकथा सांगते. भूगोलही जवळजवळ हेच सांगतो. सोंडेच्या डाव्या उतारावर पडलेला थेंब पोलादपूर-महाडवरून शंभर-सव्वाशे किमी.त बाणकोटच्या खाडीला लागतो. उजव्या उतारावरचा थेंब बलकवडी आणि धोम या धरणांतून वाईला येतो. तिथून माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा घेत तो सुमारे १,४०० किमी.वर आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतो. दोन्ही थेंब पडताना त्यांच्यात काही पावलांचेच अंतर असते.

पावसाचा हिशेबही याच धारेवर ठरतो. कोकणातून येणारे ढग या भिंतीला धडकून वर चढतात आणि महाबळेश्वरात वर्षाला सुमारे साडेपाच ते सहा हजार मिमी. पाऊस पाडतात. अठरा-वीस किमी. पूर्वेला पाचगणीत त्याचा तिसरा हिस्सा उरतो. सांगलीपर्यंत जाताना तो पाच-सहाशे मिमी.वर येतो आणि त्याच जिल्ह्यातल्या जतच्या शेतकऱ्याला ढगांकडे नुसते बघत बसावे लागते. सांगलीचे पाणी म्हणजे या घाटमाथ्याचे पाणी, आणि पुरातही तेच खरे. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४ मिमी. पाऊस झाला. त्याच पावसात पश्चिमेला सावित्रीच्या खोऱ्यातल्या तळिये गावावर (महाड तालुका) २२ जुलैच्या संध्याकाळी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पूर्वेला दोन दिवसांनी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने पन्नास फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाचे आकडे पावसाळ्यात सांगलीकर तासातासाला विचारतात. त्या पुरात कोयना आणि वारणेचा वाटा मोठा होता, हे अर्थात धरून चालावे. तरीही सांगलीहून सहलीला आलेल्या माणसाने उजवीकडच्या खोऱ्याकडे पाठ करून नुसते कोकणाचे फोटो काढावेत, हे जरा चमत्कारिकच.

वारा हे इथले दुसरे आकर्षण. पश्चिमेचा वारा कड्याला आपटून सरळ वर येतो, त्यामुळे दरीत टाकलेली हलकी वस्तू पुन्हा वर तरंगत येते. पूर्वी टोपी किंवा रुमाल टाकून ही गंमत दाखवत, आता पाण्याच्या बाटलीचे टोपण टाकतात. सगळी टोपणे परत येत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीचा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे, पण टोपणांचा खेळ थांबलेला नाही.

कड्यावर उभे राहिले की वाटते ती उंचीची भीती विकत घेण्याची सोय अलीकडे शहरोशहरी झाली आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड या बंदराच्या शहरात १९९७ पासून ३२८ मी. उंचीचा स्काय टॉवर असून त्याच्या प्रेक्षणकक्षात जमिनीचा काही भाग ३८ मिमी. जाड काचेचा आहे. शिकागोतल्या एका उंच इमारतीत २००९ पासून १०३ व्या मजल्याबाहेर काचेच्या पेट्या काढल्या आहेत. अशी काच अनेक थर चिकटवून केलेली असते, म्हणजे एक थर तडकला तरी बाकीचे वजन पेलतात. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातल्या नापणे धबधब्यावर २०२५ साली काचेचा पूल झाला. आर्थर सीटवर काच नाही. आहे तो कठडा आणि त्यापलीकडे हवा. सावित्रीच्या तळापर्यंतची खोली ऑकलंडचे तीन मनोरे एकावर एक ठेवले तरी भरून निघेल असे नाही. इथे पाय लटपटतात त्याला भित्रेपणापेक्षा डोळे जबाबदार असतात. तोल सांभाळायला नजरेला जवळची स्थिर वस्तू लागते. दरीत ती मिळत नाही, आणि कठड्याला हात लावताच शरीर सावरते. तेव्हा कठडा धरणाऱ्याची चेष्टा करू नये.

वर येण्याची खरी जुनी वाट कोकणातून आहे. पोलादपूरहून तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठवरून ढवळे गाव, तिथून चंद्रगडाच्या पायथ्याने ढवळे घाट चढत आर्थर सीट गाठता येते. १६५६ साली शिवाजीमहाराजांनी मोऱ्यांकडून घेतलेल्या जावळीचा हा मुलूख. चढाईला पुरा दिवस लागतो. वाटा फुटतात, गावातला माहीतगार सोबत असलेला बरा. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये.

गाडीने येणाऱ्याला एवढा शीण नाही. वाटेत एल्फिन्स्टन, सावित्री, मार्जोरी, कॅसल रॉक ही स्थळे लागतात. वाहनतळापासून पुढे पायी जायचे. वाघाचा झरा या नावाचे गार पाणी वाटेवरच आहे, तर खाली कड्याच्या अंगाला एक छोटा सज्जा आहे, त्याला विंडो पॉइंट म्हणतात. जून ते सप्टेंबर धुके इतके असते की कठड्यापलीकडे पांढरे काहीतरी आहे एवढेच कळते. ऑक्टोबर ते जानेवारी हा उत्तम काळ. सकाळी जोरचे खोरे उजळते आणि दुपार कलल्यावर सावित्रीचे कडे. एप्रिल-मेमध्ये गर्दी फार आणि धुरकटपणाही. माकडे धीट आहेत, खाऊच्या पिशव्या गाडीतच ठेवाव्यात. महाबळेश्वर साताऱ्याहून मेढामार्गे सुमारे ५५ किमी. आणि वाईहून सुमारे ३३ किमी.वर आहे. सांगलीहून येणाऱ्याने कऱ्हाड-सातारा रस्ता धरावा, म्हणजे कृष्णा बराच वेळ सोबत राहते. टोपण मात्र खिशातच ठेवावे.