डोमकावळा कसा ओळखायचा? कर्जत-खालापूरचे दोन कावळे

कर्जत स्टेशनच्या फलाटावर वडापावच्या तुकड्यासाठी टपलेला कावळा आणि माथेरानच्या झाडीत खर्जात ओरडणारा कावळा बहुधा वेगवेगळ्या जातींचे असतात. पहिला गावकावळा, दुसरा डोमकावळा.

आधी मान पाहावी. गावकावळ्याची मान आणि छाती राखाडी असते. डोमकावळा चोचीपासून शेपटीपर्यंत काळाकुळकुळीत. पण पावसात भिजलेल्या गावकावळ्याची मानही गडद दिसते आणि या तालुक्यांत पावसाची काही कमी नाही. अशा वेळी चोच कामी येते. डोमकावळ्याची चोच जाड, वरच्या बाजूने ठळक बाक असलेली आणि कपाळ उभे. आकारही मोठा: गावकावळा सुमारे 40 सेंमी, तर डोमकावळा 48 सेंमीच्या आसपास. त्याला ‘रेव्हन’ समजणारेही भेटतात, पण तो पक्षी भारताच्या वायव्येकडचा. सह्याद्रीत तो नाही. नर कोकीळही काळाच, मात्र त्याचे डोळे लाल आणि चोच फिकट हिरवट असते.

विल्यम साइक्स याने 1832 मध्ये दख्खनमधल्या पक्ष्यांची नोंद करताना डोमकावळ्याला ‘कॉर्व्हस कल्मिनेटस’ हे नाव दिले. जुन्या पुस्तकांत तो ‘कॉर्व्हस मॅक्रोऱ्हिंकोस’ची उपजात म्हणून सापडेल, आता अनेक अभ्यासक त्याला स्वतंत्र जात मानतात.

दोघांतला महत्त्वाचा फरक राहणीचा. गावकावळा माणसाला सोडून राहत नाही, त्यामुळे तो दिसला की जवळपास वस्ती आहे असे खुशाल समजावे. डोमकावळा जंगलात जोडीने फिरतो, मेलेले जनावर हुडकतो आणि उकिरडाही सोडत नाही. पितृपक्षात पानाशी दोघांपैकी कोणीही येऊ शकतो. परंपरा जात विचारत नाही.

डोमकावळा इतर पक्ष्यांची अंडी आणि पिल्लेही खातो. म्हणून माथेरानच्या एखाद्या पॉइंटवर किंवा खालापूरच्या फार्महाऊसमागे उरलेले अन्न टाकले, की तिथे कावळे जमतात आणि आसपासच्या बुलबुल, दयाळ यांच्या घरट्यांवर त्यांची नजर जाते. उलट कोकिळा दोन्ही कावळ्यांच्या घरट्यांत स्वतःची अंडी घालते, आणि ते पिल्लू कावळेच वाढवतात.

1972 च्या वन्यजीव कायद्यात गावकावळा उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली.