पहिल्या हंगामाची साक्ष

अमेरिकी फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर म्हणून जो खेळाडू ओळखला जातो, त्याचे काम सांगायला सोपे आणि मोजायला कठीण आहे: मैदानाच्या कडेला उभे राहावयाचे, डाव सुरू होताच आखून दिलेल्या मार्गाने धाव घ्यावयाची, पाठलागावर असलेल्या कॉर्नरबॅकला चकवावयाचे, आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलून जमेल तितके यार्ड पुढे न्यावयाचा. अशा तरुणाची पुढील सारी कारकीर्द त्याच्या पहिल्याच हंगामावरून ओळखता यावी, ही तेथील संघचालकांची फार जुनी आकांक्षा आहे. आणि त्या आकांक्षेपोटी खेळाडूच्या प्रत्येक हालचालीची प्रतवारी लावण्याची जी प्रथा रूढ झाली, तिचा इतिहास मनन करण्याजोगा आहे.

या इतिहासाच्या आरंभी मोजदाद जवळजवळ नव्हतीच. व्यावसायिक लीगने वैयक्तिक कामगिरीची अधिकृत नोंद १९३२ पासून ठेवण्यास सुरुवात केली. आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात, संघमालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून, महाविद्यालयीन खेळाडूंची पहिली निवड झाली, तेव्हा फळ्यावर लिहिलेल्या नव्वद नावांपलीकडे संघांच्या दप्तरी फारसा दाखला नव्हता. वर्तमानपत्रांतील वर्णने आणि ओळखीच्या प्रशिक्षकांचे शब्द हीच काय ती साधने. त्या दिवशी सर्वप्रथम निवडला गेलेला जे बर्वांगर व्यावसायिक मैदानावर एकदाही उतरला नाही.

पुढे महायुद्ध संपल्यावर क्लीव्हलंडचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी सामन्यांच्या चित्रफिती पुन्हापुन्हा पाहून खेळाडूंच्या कामाची छाननी करण्याचा शिरस्ता पाडला, आणि १९६० च्या दशकात डॅलस काउबॉइज संघाने त्यापुढचे पाऊल टाकले. संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी सलाम कुरेशी या भारतीय संख्याशास्त्रज्ञाला पाचारण केले. पारखी मंडळी ज्या शेकडो गुणांविषयी बोलत असत, त्यांतून चारित्र्य, चपळाई, ईर्षा, बौद्धिक सावधपणा आणि बळ असे मोजके गुण निवडून त्यांना अंक देण्याची व संगणकाकडून त्या अंकांचा मेळ घालण्याची तजवीज कुरेशी यांनी केली. मात्र हे सारे अंक मैदानात उतरण्यापूर्वीचे होते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक जिंकणारा बॉब हेझ याच संघाने मिळवला, आणि १९६५ च्या आपल्या पहिल्याच हंगामात त्याने १,००३ यार्ड व १२ टचडाउन नोंदवले. पण धावण्याच्या शर्यतीत न दिसणारे पुष्कळ काही व्यावसायिक सामन्यातच दिसते, हेही अशा उदाहरणांनीच संघचालकांच्या ध्यानी आणून दिले.

प्रत्यक्ष खेळाची प्रतवारी सर्वांसाठी, सर्व संघांकरिता आणि एकाच मापाने करण्याचा उद्योग मात्र एका इंग्रज क्रीडाप्रेमीच्या हातून घडला. नील हॉर्न्सबी यांनी सन २००७ च्या सुमारास सुरू केलेल्या प्रो फुटबॉल फोकस या संस्थेत प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक डावातील कामाला उणे दोन ते अधिक दोन असे, अर्ध्या अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी, गुण दिले जातात. अपेक्षेइतके काम झाले तर शून्य. आणि हंगामाच्या अखेरीस या साऱ्यांचे शंभरपैकी गुणांत रूपांतर होते. २०१४ मध्ये या संस्थेचा मोठा हिस्सा क्रिस कॉलिन्सवर्थ यांनी विकत घेतला. हे गृहस्थ स्वतः वाइड रिसीव्हर, आणि १९८१ मध्ये पहिल्याच वर्षी हजार यार्डांचा पल्ला ओलांडलेले.

या प्रतवारीचे मर्म एका डावाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. रिसीव्हर बारा यार्ड सरळ धावतो, आत वळल्याचा आभास निर्माण करतो, कॉर्नरबॅकचा तोल जाताच बाहेर वळतो आणि तीन पावले मोकळा सुटतो. परंतु क्वार्टरबॅकवर मागून धाड पडल्यामुळे फेक उंच जाते आणि चेंडू सीमेबाहेर पडतो. जुन्या हिशेबवहीत या डावासमोर रिसीव्हरच्या नावे काहीच जमा होत नाही, परंतु परीक्षकाच्या नोंदीत मात्र त्याला अधिक गुण मिळतात. ज्या नवागताला क्वार्टरबॅक दुबळा मिळाला किंवा ज्याच्याकडे चेंडू क्वचितच आला, त्याच्या अंगची विद्या अशा रीतीने प्रथमच कागदावर रुजू होऊ लागली, हे या पद्धतीचे मोठे ऋण मान्य केले पाहिजे.

तरीही भविष्याचा प्रश्न उरतोच. जेरी राइस याला सॅन फ्रान्सिस्कोने १९८५ मध्ये सोळाव्या क्रमांकावर निवडले, तेव्हा हातातून सुटणाऱ्या चेंडूंमुळे त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. ४९ झेल आणि ९२७ यार्ड हे त्या हंगामाचे फलित काही जगावेगळे नव्हते. पण डिसेंबरमधील लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने २४१ यार्ड मिळवले. पुढील वर्षी १,५७० यार्डांनिशी तो लीगमध्ये अग्रस्थानी गेला, आणि २२,८९५ यार्डांवर त्याची कारकीर्द संपली. डेव्हांटे ॲडम्सने २०१४ मध्ये ४४६ आणि दुसऱ्या वर्षी ४८३ यार्ड मिळवले, तेव्हा त्याच्याविषयी आशा सोडणारे पुष्कळ होते. तोच २०२० मध्ये १८ टचडाउनचा धनी झाला.

याउलट रॅन्डी मॉसचे १९९८ मधील १७ टचडाउन, अथवा बाविसाव्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या जस्टिन जेफरसनचे २०२० मधील १,४०० यार्ड, यांनी दिलेली ग्वाही पुढील वर्षांनी खरी ठरवली. मात्र २००४ मध्ये टॅम्पा बे संघासाठी ८० झेल व १,१९३ यार्ड नोंदवणारा मायकेल क्लेटन पुढे एकाही हंगामात पाचशे यार्डांपर्यंत पोहोचला नाही. असामान्य मापानंतरचे माप बहुधा सामान्याकडे झुकते, हे फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये माणसांच्या उंचीच्या संदर्भात दाखवून दिले होते. एका हंगामाच्या अल्प नोंदीला तो नियम अधिकच लागू पडतो.

पीक उभे असताना लावलेल्या आणेवारीसारखी ही पहिल्या हंगामाची प्रतवारी आहे: सरकारी कामाला आवश्यक, पण खळ्यावरच्या राशीची जागा न घेणारी. उंच प्रत मिळाली तर तिच्यामागे सहसा खरे सामर्थ्य असते, कारण मातब्बर प्रतिस्पर्ध्यांना हंगामभर चकवणे योगायोगाने साधत नाही. परंतु हलकी प्रत मिळण्यास वय, दुखापत, क्वार्टरबॅक आणि संधीचा अभाव अशी अनेक कारणे असू शकतात. म्हणून थोर गुणांवर विश्वास टाकावा, अल्प गुणांवर मात्र निकाल देऊ नये. आणि वीस-बावीस वर्षांच्या तरुणाला एका वर्षाच्या आकड्यावरून निरोप देणाऱ्या संघचालकाने राइस आणि ॲडम्स यांचे पहिले हंगाम एकवार अवश्य चाळावेत.