मुखत्यारपत्राचे आयुष्य

वडील धडधाकट असताना मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतात आणि पुढे आपली स्मृती गेली तरी त्या कागदावर बँकेचा व्यवहार चालेल, असे धरून चालतात. हा समज आपल्याकडे घरोघर आढळतो. कायदा मात्र १८७२ पासून नेमके उलट सांगत आला आहे. त्या सालच्या भारतीय करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे मालक मरण पावला किंवा त्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही, की मुखत्याराचा अधिकार संपतो. पाऊस लागताच छत्री मिटावी, तसा हा प्रकार!

या नियमाचे मूळ व्यापारात आहे. मालकाला जे स्वतः करता येत नाही, ते त्याच्या वतीने दुसऱ्याने कसे करावे, असा हा तर्क. पेढीवरच्या गुमास्त्याला तो शोभतो. आजारी माणसाच्या बायकोला तो लावला म्हणजे काय होते, ते इंग्लंडातील १८७९ च्या ड्र्यू विरुद्ध नन या खटल्यात दिसते. नन यांनी पत्नीला आपल्या वतीने व्यवहार करण्याची मोकळीक दिली होती व दुकानदारालाही ती ठाऊक होती. पुढे नन यांना वेड लागले. पत्नी उधारीवर माल आणीत राहिली. दुकानदाराला आजाराची वार्ता नव्हती. बरे झाल्यावर ननसाहेबांनी पैसे देण्याचे साफ नाकारले! न्यायालयाने त्यांना पैसे द्यावयास लावले खरे, पण ते दुकानदार अजाण होता म्हणून. पत्नीचा अधिकार वेडाबरोबरच संपला, असे न्यायमूर्ती ब्रेट यांचे मत पडले. मग तिने घर कसे चालवावे?

याला उत्तर प्रथम अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्याने १९५४ मध्ये दिले. मालकाने तसे लिहून ठेवले असेल, तर मुखत्यारपत्र त्याच्या दुर्बलतेनंतरही टिकेल, असा कायदा तेथे झाला. इंग्लंडला ही वाट धरावयास १९८५ साल उजाडावे लागले. मुखत्यारच लुबाडील, ही भीती काही खोटी नव्हे. म्हणून मालकाची बुद्धी ढळू लागताच पत्राची नोंदणी करावी व नातलगांस कळवावे, असे बंधन त्या कायद्याने घातले. आम्हांस हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे कलम २०१ अजून तसेच आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेची व्यवस्था जिल्हा न्यायालयाकडून करून घेण्याची सोय होती. २०१७ च्या कायद्याने उपचारांविषयी आगाऊ इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क दिला, पण मालमत्तेची ती जुनी प्रकरणे त्यात उरली नाहीत. बेशुद्धावस्थेत पडून राहिलेल्या रुग्णाच्या घरच्यांना पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याकरिता मार्गदर्शक नियम घालून दिले.