व्हॉल्व्हपासून सॉलिड-स्टेट ड्राइव्हपर्यंत : संगणकातील उष्णता-निवारणाचा इतिहास आणि हीटसिंकची निवड

प्रस्तावना :
संगणकाचा इतिहास बहुधा त्याच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. या वेगाबरोबर निर्माण होणाऱ्या उष्णतेची विल्हेवाट कशी लावली गेली, हा प्रश्न मात्र अभियंत्यांचा म्हणून बाजूला राहतो. वस्तुतः प्रत्येक पिढीतील संगणकाचा आकार, रचना आणि मर्यादा ठरविण्यात उष्णतेचा वाटा मोठा आहे.

प्रस्तुत लेखक या विषयाकडे एका साध्या अडचणीमुळे वळला. इतिहास विभागात मोडी कागदपत्रांच्या प्रतिमा संगणकावर साठविण्याचे काम एप्रिल महिन्यात सुरू होते. नव्या सॉलिड-स्टेट ड्राइव्हवर पहिली काही मिनिटे काम झपाट्याने होई व नंतर मंदावे. तापमान तपासले असता ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले आढळले. संगणक उघडून पाहिला तेव्हा ड्राइव्हवर हीटसिंक होता; परंतु त्याच्या थर्मल पॅडवरील संरक्षक प्लास्टिकची पट्टी बसविणाऱ्याने काढलेलीच नव्हती. ती काढून हीटसिंक पुन्हा बसविल्यावर तापमान बरेच खाली आले व वेगही टिकला.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) संगणकातील उष्णता-निवारणाच्या प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२) सॉलिड-स्टेट ड्राइव्हला हीटसिंकची गरज का निर्माण झाली, याची कारणमीमांसा करणे.
३) हीटसिंकची निवड व जोडणी करताना लक्षात घ्यावयाच्या बाबी स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. व्हॉल्व्हचे युग :
अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला एनिअॅक हा संगणक १९४६ मध्ये जगासमोर आला. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेत असे. ही सारी वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होई; ती बाहेर काढण्यासाठी मोठे पंखे लावावे लागले. व्हॉल्व्ह निकामी होण्याचे प्रकार यंत्र सुरू करताना व बंद करताना, म्हणजे तापताना व थंड होताना, अधिक घडत. त्यामुळे यंत्र शक्यतो बंदच न करणे श्रेयस्कर ठरले. हेच तंत्र मुंबईतही आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' असे नामकरण केलेल्या संगणकात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते.

येथे एक हिशेब उद्बोधक ठरतो. एनिअॅकची एकूण वीज त्यातील व्हॉल्व्हच्या संख्येने भागली, तर एका व्हॉल्व्हच्या वाट्याला सरासरी सुमारे ८ वॅट येतात. आजचा एक वेगवान सॉलिड-स्टेट ड्राइव्ह पूर्ण भाराखाली जवळपास तेवढीच वीज घेतो. फरक एवढाच की, काचेचा व्हॉल्व्ह तापूनच काम करीत असे. सिलिकॉनच्या चिपला मात्र ती मुभा नाही.

२. अर्धवाहकांचे युग :
ट्रान्झिस्टर आणि त्यानंतर एकात्मिक मंडल आल्यावर प्रत्येक घटकाची विजेची गरज कमालीची घटली. तथापि लाखो घटक नखाएवढ्या जागेत आल्यामुळे उष्णता त्या जागेत एकवटली. आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेल्या ३०८१ या संगणकात चिपमधील उष्णता धातूमार्गे वाहत्या पाण्याकडे नेण्याची व्यवस्था होती. सीमोर क्रे यांच्या १९८५ मधील क्रे-२ या महासंगणकात तर मंडले वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडविलेली होती.

घरगुती संगणकात हा प्रश्न थोडा उशिरा आला. १९९३ मध्ये आलेल्या पेंटियमपासून प्रक्रियकावर पात्यांचा हीटसिंक आणि पंखा ही जोडी सर्वपरिचित झाली. साठवणुकीचे साधन असलेली हार्ड डिस्क मात्र आपल्या जाड धातूच्या कवचामुळे बहुधा वेगळ्या हीटसिंकविना चालत राहिली.

३. सॉलिड-स्टेट ड्राइव्हचा उदय :
फ्लॅश स्मृतीचे जनक फुजिओ मासुओका यांनी तोशिबा कंपनीत असताना या स्मृतीची संकल्पना १९८४ मध्ये मांडली. नँड प्रकारची फ्लॅश १९८७ मध्ये पुढे आली. सनडिस्क, म्हणजे पुढील काळातील सॅनडिस्क, या कंपनीने १९९१ मध्ये २० मेगाबाइट क्षमतेचा फ्लॅश ड्राइव्ह बाजारात आणला. फिरणारे भाग नाहीत, म्हणून आवाज नाही व उष्णताही नाही, असा समज या साधनाबाबत रूढ झाला. साटा जोडणीच्या काळात तो बराचसा खराही होता; कारण तेथे वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपाशी थांबत असे आणि ड्राइव्ह अडीच इंची पेटीत असे.

२०११ मध्ये एनव्हीएमई हे मानक प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर एम.२ ही उघडी पट्टी प्रचारात आली. तिचा रूढ आकार २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब, म्हणजे एका बाजूचे क्षेत्रफळ अवघे १७.६ चौरस सेंटिमीटर आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत वेग सेकंदाला सुमारे ३,५०० मेगाबाइट, २०१९ पासूनच्या चौथ्या पिढीत पुढे ७,००० पर्यंत आणि २०२३ मध्ये बाजारात आलेल्या पाचव्या पिढीत १०,००० च्या पुढे गेला. पेटी गेली, वेग वाढला आणि उष्णता पसरण्यास जागा उरली नाही. सोनीने सप्टेंबर २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ मध्ये असा ड्राइव्ह वाढविण्याची सोय खुली केली, तेव्हा हीटसिंक आवश्यक असल्याचे सांगून त्यासह ड्राइव्हची रुंदी २५ व एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत असावी, अशी अट घातली. महासंगणकाच्या अभियंत्यांचा प्रश्न अशा रीतीने सामान्य ग्राहकाच्या हाती आला.

४. हीटसिंकची निवड व जोडणी :
हीटसिंक उष्णता नाहीशी करीत नाही. तो ती चिपमधून घेऊन मोठ्या पृष्ठभागावर पसरवितो व हवेच्या स्वाधीन करतो. त्यामुळे निवडीचा पहिला निकष म्हणजे गरज. साटा ड्राइव्हला किंवा कार्यालयीन कामापुरत्या वापरल्या जाणाऱ्या तिसऱ्या पिढीच्या ड्राइव्हला बहुधा त्याची आवश्यकता नसते. दीर्घकाळ सलग लेखन करणाऱ्या चौथ्या पिढीच्या ड्राइव्हला साधा अॅल्युमिनियमचा हीटसिंक उपयुक्त ठरतो, तर पाचव्या पिढीत मोठ्या पात्यांचा व क्वचित पंख्याचाही विचार करावा लागतो. वेग मंदावण्याचे कारण प्रत्येक वेळी उष्णताच असते असेही नाही. ड्राइव्हमधील वेगवान तात्पुरती साठवण भरल्यावरही लेखन मंदावते. म्हणून खरेदीपूर्वी भाराखालील तापमान पाहणे अगत्याचे आहे.

दुसरा निकष जागेचा. मदरबोर्डचा स्वतःचा हीटसिंक असल्यास वेगळा घेऊ नये. ग्राफिक्स कार्डाखाली उंच पाती मावत नाहीत आणि लॅपटॉपमध्ये तर पातळ पट्टीच बसते. चिप एकाच बाजूस आहेत की दोन्ही बाजूंस, हेही पाहावे; कारण त्यावरून पॅडची जाडी ठरते.

जोडणीत सर्वाधिक महत्त्व संपर्काला आहे. तांब्याची उष्णतावाहकता अॅल्युमिनियमपेक्षा अधिक असली, तरी मध्ये हवेची फट राहिल्यास तो लाभ वाया जातो. कारण स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पॅडच्या दोन्ही बाजूंची संरक्षक पट्टी काढावी. पॅड कंट्रोलर चिपवर नीट टेकतो आहे याची खात्री करावी, कारण सर्वाधिक तापणारा भाग बहुधा तोच असतो. स्क्रू इतके आवळू नयेत की पट्टी वाकेल. ड्राइव्हवरील लेबल सोलून काढू नये; त्यामुळे हमी रद्द होऊ शकते आणि काही लेबलांत उष्णता पसरविणारा तांब्याचा थर असतो.

५. उष्णता आणि जतन केलेला दस्तऐवज :
इतिहासाच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाचा प्रश्न जतनाचा वाटतो. नँड फ्लॅशमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात अडकवून ठेवलेली असते व उष्णतेने तो भार अधिक लवकर झिरपतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेडेकच्या मानकानुसार वैयक्तिक वापराच्या ड्राइव्हने, लेखनाची विहित मर्यादा संपल्यानंतर, विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकविणे अपेक्षित आहे. नवा ड्राइव्ह याहून बराच अधिक काळ माहिती टिकवितो. परंतु विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात बंद कपाटाचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, हे विसरता येत नाही. तेथे हीटसिंक निरुपयोगी आहे. कारण तो कोणतीही वस्तू सभोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. चालू ड्राइव्हचा वेग तो राखतो, कपाटात ठेवलेल्या ड्राइव्हमधील माहिती नव्हे.

निष्कर्ष :
१) संगणकाच्या प्रत्येक पिढीत उष्णतेचे स्थान बदलले, तिच्या निवारणाची गरज मात्र संपली नाही.
२) सॉलिड-स्टेट ड्राइव्हला हीटसिंकची गरज लागली ती प्रामुख्याने वाढता वेग व घटता पृष्ठभाग यांच्या संयोगाने.
३) हीटसिंकच्या किमतीपेक्षा चिपशी त्याचा असलेला संपर्क अधिक निर्णायक असतो.
४) महाविद्यालयांनी अंकीकृत दस्तऐवजांची एकमेव प्रत सॉलिड-स्टेट ड्राइव्हवर ठेवून तो कपाटात बंद करू नये. दुसरी प्रत वेगळ्या माध्यमावर व वेगळ्या ठिकाणी असावी आणि दोन्ही प्रती ठरावीक काळाने उघडून तपासल्या जाव्यात. दोन शतके टिकलेला मोडी कागद आपल्या निष्काळजीपणाने अंकीय रूपात दोन वर्षेही टिकला नाही, तर त्याचा दोष यंत्राला देता येणार नाही.