गव्याची बंदिवासातील दिनचर्या

गवा किंवा रानगवा (शास्त्रीय नाव: बॉस गौरस) हा वन्य गोवंशातील आकाराने सर्वांत मोठा प्राणी होय. महाराष्ट्रात तो सह्याद्रीच्या जंगलांत, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्यात आढळतो. पुण्यातील कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातही गवे ठेवलेले आहेत.

नैसर्गिक दिनक्रम
गवे प्रामुख्याने सकाळी व सायंकाळी चरतात आणि दुपारी सावलीत बसून रवंथ करतात. माणसांचा वावर वाढल्यास ते रात्री चरू लागतात.

बंदिवासातील बदल
बंदिवासात चारा ठरलेल्या जागी व वेळी मिळत असल्याने अन्नशोधाची गरज उरत नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यांचा चरण्याचा वेळ असा घटल्यास कुंपण चाटणे, जीभ सतत फिरवणे यांसारख्या निरर्थक सवयी जडू शकतात. त्या टाळण्यासाठी चारा दिवसातून अनेकदा व निरनिराळ्या ठिकाणी टाकणे उपयुक्त ठरते. दुपारच्या विश्रांतीसाठी सावली आवश्यक असते. जंगलात प्रौढ नर पुष्कळदा एकटे राहतात. त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळ्या आवाराचीही सोय लागते.

ताण व हाताळणी
गवा बुजरा असून गर्दी, गोंगाट व पाठलाग यांमुळे त्याच्यावर तीव्र ताण येतो. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात शिरलेला गवा जमावाच्या गोंधळात कित्येक तास धावत राहिला आणि पकडल्यानंतर मरण पावला. म्हणून गव्याची हाताळणी शांततेत, शक्यतो उन्हाची वेळ टाळून करणे हितावह असते.